हरवलेल्या कान्याची सुनावणी

कायदे आमदार करतात, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकाचा मान राखून सांगते, आमदार कायद्याचा सांगाडा करतात. सभागृहात हात वर होतात, बाकं वाजतात, आणि कायद्याच्या शेवटी एक नम्र कलम बसलेलं असतं : या अधिनियमाची उद्दिष्टे पार पाडण्यासाठी शासनास नियम करता येतील. खरा कायदा तिथून पुढे सुरू होतो. अर्ज कुणी करायचा, कुठल्या नमुन्यात, सोबत कुठला दाखला, त्यावर कुणाची सही, हे सगळं नियमांत असतं. आणि नियम करतात खात्यातले अधिकारी, ज्यांना कुणी मत दिलेलं नसतं.

लोकशाहीला हे थोडं टोचतं, म्हणून तिने दोन उपाय केले आहेत. पहिला, नियमांचा मसुदा राजपत्रात छापून जनतेकडून हरकती व सूचना मागवायच्या. राजपत्र कुठे मिळतं हे जनतेला माहीत नसल्यामुळे हरकती फारशा येत नाहीत आणि खातं ‘एकही हरकत प्राप्त झाली नाही’ असं समाधानाने नमूद करतं. दुसरा उपाय, अंतिम नियम सभागृहाच्या पटलावर ठेवायचे. पटल म्हणजे टेबल आणि ठेवणे म्हणजे ठेवणे. त्यानंतर दोन्ही सभागृहांतल्या आमदारांची एक समिती ते नियम बारकाईने तपासते. आमदारांना वेळ नसतो, म्हणून समितीच्या वतीने तिची कार्यालयीन शाखा तपासते. शाखेत तेव्हा तीन पदं रिकामी होती. म्हणजे मी तपासत असे.

समितीचं नाव सांगत नाही, खात्याचंही नाही. दोन्हीकडची माणसं अजून मला दिवाळीचे मेसेज पाठवतात.

मी मूळची वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावची. नोकरीची एकतीस वर्षं मुंबईत काढली, त्यातली शेवटची नऊ या समितीच्या शाखेत. काम मला आवडायचं, हे कबूल करते. एका नियमात ‘जनावर’ या शब्दाची व्याख्या अशी केली होती की तीत पोपट बसत होता आणि म्हैस सुटत होती. ती मी पकडली. खात्याने आभार मानले नाहीत, पण म्हैस आत घेतली. असं काही हाती लागलं की त्या दिवशी डबा गोड लागायचा. तेव्हा माझं लक्ष नसायचं असं नाही. लक्ष असायचं, पण त्याला सुट्ट्या असायच्या.

अशाच एका सुट्टीत कष्टकऱ्यांच्या नोंदणीचे नियम माझ्या टेबलावरून गेले. धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, अशांची नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यायचं होतं. दवाखान्यात, मुलांच्या वसतिगृहात ते चालणार होतं. अट एकच, वय अठरा ते साठ. साठीच्या आत नोंद झाली की ओळखपत्र कायमचं, साठी उलटल्यावर नवी नोंद नाही. नियम सातमध्ये वयाचा पुरावा सांगितला होता : शाळा सोडल्याचा दाखला व वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. मी वाचलं. मसुद्याशी ताडून पाहायचं असतं, ते पाहिलं नाही. ‘हरकत नसावी’ असं लिहून सही केली.

पुढच्या एप्रिलमध्ये वर्ध्याहून एक पत्र आलं. दोन्ही बाजूंना समास, अक्षर छापल्यासारखं. खाली सही बापूराव नगराळे, सिंदी मेघे. पत्रात चारच वाक्यं होती. मसुद्यात नियम सातमध्ये ‘वा’ होता. अंतिम नियमात ‘व’ झाला आहे. एक काना गेला आहे. कृपया परत बसवावा.

समितीला पत्रं लिहिणाऱ्या माणसांबद्दल आमच्या शाखेत एक मत होतं आणि ते चांगलं नव्हतं. एक गृहस्थ दर महिन्याला राज्यघटना नव्याने लिहून पाठवायचे. दुसऱ्या एकांना सगळ्या कायद्यांत आपल्या भावाचा हात दिसायचा. आता हे तिसरे, काना मागणारे. मी पत्रावर शेरा मारला : माहितीस्तव दाखल. बाहेरच्या वाचकांसाठी अर्थ सांगते. कुणालाही माहिती होऊ नये म्हणून फायलीत घातलं.

डिसेंबरमध्ये अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपूरला आलं. आमची शाखाही लोखंडी पेट्यांसह आली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक सडपातळ गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल पेन आणि एक भिंग. आत येण्याचा पास मिळवायला त्यांना दोन दिवस लागले होते. बसा म्हटल्याशिवाय बसले नाहीत. नाव सांगितलं तेव्हा मला चटकन आठवलं नाही, आणि आठवलं तेव्हा बरं वाटलं नाही.

नगराळ्यांनी वर्ध्याच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम केलं होतं. खिळे गेले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा ते प्रुफं तपासायला लागले, आणि छापखानाच बंद झाला तेव्हा घरी बसले. घर चालायचं ते त्यांच्या पत्नीवर. शेवंताबाई सिंदी मेघ्यात चार घरची धुणीभांडी करायच्या. नोंदणी सुरू झाल्याचं कळलं तेव्हा त्या डॉक्टरचा दाखला घेऊन नोंदणीच्या खिडकीवर गेल्या. खिडकीतल्या बाबूने छापील ओळीवर बोट ठेवलं, दोन्ही दाखले हवेत. शेवंताबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या गल्लीतल्या बहुतेक बायाही गेलेल्या नव्हत्या. शाळेत गेल्या असत्या तर दुसऱ्याची भांडी कशाला घासली असती, हा विचार नियमात कुठे नव्हता. सगळ्या परत आल्या.

बायको म्हणाली म्हणजे तसंच झालं असेल, असं मानणारे नगराळे नव्हते. ते छापील ओळ बघायला गेले. मग राजपत्र शोधलं, मग मसुद्याचं राजपत्र शोधलं. दोन्हींच्या झेरॉक्स त्यांनी एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या. डावीकडे ‘वा’, उजवीकडे ‘व’, दोन्हींभोवती लाल गोल. पुठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मग त्यांनी मला खिळ्यांबद्दल सांगितलं. शिशाच्या खिळ्यांत काना वेगळा असायचा, काडीसारखा बारीक. ओळ नीट आवळली नसली की पहिला तोच निसटायचा.

“खियाच्या जमान्यात काना पडाचा, मॅडम. आमी खाली वाकून हुडकत जाओ,” ते म्हणाले. “पन कॉम्प्युटरमंधी त्याले पडाले जागाच नाई. मंग तो गेला कुठं?”

याचं उत्तर मी नंतर शोधलं. खात्याच्या फायलीवर मसुद्यापासून छपाईपर्यंत अकरा सह्या होत्या. अकरा जणांपैकी कुणीही तो काढलेला नव्हता. बारावी सही माझी होती.

उठताना त्यांनी सहज विचारलं, की एप्रिलमध्ये पाठवलेलं पत्र मिळालं होतं का. पत्र माझ्या मागच्या पेटीत होतं, दोन हातांवर. मी म्हटलं, पाहावं लागेल. एकतीस वर्षांत हे वाक्य मी अनेकदा वापरलं, पण इतक्या लाजेने तेव्हा एकदाच.

त्याच दिवशी मी समितीसाठी टिपणी लिहिली. टिपणीला समितीपुढे यायला एरवी वर्ष लागतं, ही दोन महिन्यांत आली. त्याचं श्रेय लोकशाहीला देण्याआधी थोडं थांबा. काही सदस्यांना बोरच्या जंगलात वाघ बघायचा होता. दौरा वर्धा जिल्ह्यात काढायचा तर वर्धा जिल्ह्याचा एखादा विषय हवा. शोधाशोध झाली तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर नगराळ्यांचा काना तेवढा सापडला.

फेब्रुवारीत समिती वर्ध्याला आली. पहिल्या दिवशी वाघ दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्रामला जाऊन सदस्यांनी साधेपणाबद्दल आदर व्यक्त केला आणि दुपारी जेवणात तिसरी भाजी का नाही म्हणून विचारणा केली. त्यानंतर बैठक झाली. एका बाजूला समिती, समोर मुंबईहून आलेले खात्याचे सहसचिव, त्यांच्या मागे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांच्या तीन रांगा. प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, आणि आपल्याला काही विचारू नये अशी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर प्रार्थना.

मला वाटलं होतं, प्रकरण दोन मिनिटांत मिटेल. सहसचिव म्हणतील, मुद्रणदोष आहे, दुरुस्त करतो. पण चूक कबूल केली की ती कुणाची हे सांगावं लागतं, आणि धोरण म्हटलं की ते कुणाचंच नसतं. सहसचिव हुशार होते. त्यांनी सांगितलं, की हा बदल विभागाने विचारपूर्वक केला आहे. बनावट नोंदणीला आळा बसावा म्हणून दोन पुराव्यांची अट घातली आहे. मी मागे बसून ऐकत होते. पडलेल्या कान्याचं पाच मिनिटांत धोरण झालं, त्याला उद्देश मिळाला, आणि एका सदस्याने मान डोलावून ते योग्य असल्याचंही सांगितलं.

अध्यक्ष डोळे मिटून बसले होते. ते राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातले, चार वेळा निवडून आलेले, आणि बैठकीत झोपतात अशी त्यांची ख्याती. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, की शाळेत न गेलेल्या माणसाने शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा. सहसचिव म्हणाले, की याबाबत तपासणी करून समितीला अवगत करण्यात येईल. अध्यक्षांनी डोळे उघडले. बाहेर कुणी अर्जदार आहेत का, असं त्यांनी मला विचारलं.

बाहेर बाकावर नगराळे आणि शेवंताबाई सकाळी दहापासून बसले होते. मीच त्यांना कळवलं होतं, तसं कळवायचं नसतं. शेवंताबाई आत आल्या. ठेंगण्या, निळं लुगडं, हातांची बोटं साबणाच्या पाण्याने पांढुरकी पडलेली. इतक्या साहेबांकडे एकदा बघून त्यांनी अध्यक्षांशी बोलायचं ठरवलं. अध्यक्षांनी विचारलं, दाखला का नाही जोडला.

“शाळेत गेलीच नाई मी,” शेवंताबाई म्हणाल्या, “तं सोडू कुठून?”

तिन्ही रांगा हसल्या. सहसचिवही हसले आणि मग आपण कुणाला हसतोय हे लक्षात येऊन थांबले. शब्दशः वृत्तांत लिहिणाऱ्याने मात्र शासकीय कर्तव्य बजावलं. त्याच्या वृत्तांतात शेवंताबाई म्हणतात : सदर साक्षीदाराने शालेय शिक्षण घेतलेले नसल्याने उपरोक्त दाखला सादर करणे शक्य होत नाही.

समितीने शिफारस केली, की नियम सातमध्ये ‘व’ ऐवजी ‘वा’ करावा. मी शेवंताबाईंना बाहेर जाऊन सांगितलं, की झालं तुमचं काम. त्या नगराळ्यांकडे बघून पहिल्यांदा हसल्या. मला तेव्हा जे वाटलं त्याला अभिमानच म्हणावं लागेल.

काम झालं नव्हतं. समितीचा अहवाल सभागृहात जुलैमध्ये मांडला गेला. म्हणजे पुन्हा पटलावर ठेवला. मग खात्याने अभिप्राय मागवले, अभिप्रायांवर अभिप्राय मागवले, आणि सप्टेंबरात शुद्धिपत्रक काढलं. ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले. कुणीतरी कॉम्प्युटरला हुकूम दिला होता, की ‘व’ दिसेल तिथे ‘वा’ कर. कॉम्प्युटरने सगळ्या नियमांत तो इमानाने पाळला होता. आता अर्जदाराने आपले नाव वा पत्ता द्यायचा होता. अर्जावर सही वा छायाचित्र चालणार होतं. नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज वाचावा वा निर्णय द्यावा, असंही एका ठिकाणी होतं. सध्याच्या पद्धतीचं इतकं अचूक वर्णन मी कुठल्याच नियमात वाचलं नव्हतं.

खिडकीवर गोंधळ झाला. एका तालुक्यात काही जणांनी नियमाप्रमाणे फक्त पत्ता लिहून अर्ज दिले. दोनच दिवसांत वरून तोंडी आदेश आला, की दुसरं शुद्धिपत्रक निघेपर्यंत नोंदणी थांबवा. आठ दिवसांत नगराळ्यांचं पत्र आलं. त्यांनी जादा लागलेले सतरा काने पानं आणि ओळींसह मोजून दिले होते. शेवटी लिहिलं होतं, की एकच मागितला होता, बाकीचे परत घ्यावेत. हे पत्र मी दाखल केलं नाही. हातात घेऊन खात्यात गेले, दर आठवड्याला गेले. त्या काळात खात्यातले लोक मला बघून फोन कानाला लावायचे.

दुसरं शुद्धिपत्रक फेब्रुवारीत निघालं, माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात. सतरा काने गेले, एक राहिला. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि माझ्या अचूकतेबद्दल भाषण झालं. मुंबईचं बिऱ्हाड आवरून मी आपल्या जिल्ह्यात, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्यात राहायला आले. सामान लागल्यावर पहिलं काम म्हणून शुद्धिपत्रकाची प्रत घेऊन नगराळ्यांकडे गेले. अभिनंदन करायला गेले होते, हे लपवत नाही.

दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीपाशी नगराळ्यांची खुर्ची. त्यांनी आधी प्रत घेतली आणि भिंगाखाली शेवटपर्यंत वाचली. बरोबर आहे म्हणाले. मी शेवंताबाईंच्या ओळखपत्राबद्दल विचारलं तेव्हा ते प्रत घडी करत राहिले.

नोंदणी परत सुरू झाल्यावर दोघं डॉक्टरांकडे ताजा दाखला घ्यायला गेले होते. डॉक्टर भला माणूस. शेवंताबाईंकडे बघून म्हणाला, अंदाजे अठ्ठावन्न लिहितो. असं सगळ्यांचंच लिहितात. नगराळे म्हणाले, नाही. लग्नाच्या वेळी विहाराच्या वहीत वय एकोणीस लिहिलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तारीख त्यांना पाठ होती. त्या हिशेबाने साठ पूर्ण होऊन चार महिने झाले होते. डॉक्टरने पुन्हा विचारलं, लिहू का अठ्ठावन्न. नगराळे म्हणाले, जे आहे ते लिहा. डॉक्टरने लिहिलं. खिडकीतल्या बाबूने या वेळी दाखला एकच मागितला, तो वाचला आणि परत दिला.

“दोन वर्सं एका अक्षरापायी भांडलो, मॅडम,” नगराळे म्हणाले. “मंग आकडा खोटा कसा लिवू देऊ?”

आत शेवंताबाई चहा ठेवत होत्या. त्यानंतर पंधरा दिवस त्या आपल्याशी बोलल्या नाहीत, असं नगराळ्यांनी आवाज उतरवून सांगितलं. ते चूक वागले असं मला म्हणता येईना. बरोबर वागले असंही, त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, म्हणवेना.

मी मनात महिने मोजत होते. साठी उलटून चार महिने झाले होते. पत्र माझ्या फायलीत एप्रिल ते डिसेंबर पडून होतं, आठ महिने. ते आलं त्याच दिवशी टिपणी लिहिली असती, तर वाघ, सहसचिव, सतरा काने, सगळं होऊनसुद्धा शेवंताबाई चार महिने राखून आत गेल्या असत्या. हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मी न सांगते तर कळलंही नसतं. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. पत्र पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं, मी वाचलं होतं, आणि ठेवून दिलं होतं.

नगराळ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यांनी घडी केलेली प्रत पुन्हा उघडली, पण भिंग घेतलं नाही. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. बोलल्या त्या शेवंताबाई, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“ह्यायचं अक्षर बरोबर आलं,” त्या नगराळ्यांकडे बोट करून म्हणाल्या. “तुमचं बी काम झालं. मीच राह्यली.”

या वेळी ‘पाहावं लागेल’ असं म्हणता येण्यासारखं नव्हतं. दारात गल्लीतल्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत डॉक्टरचा दाखला होता. खिडकीतला बाबू अजूनही नव्या बायांना दोन दाखले मागून बघत होता, आणि त्याला नियम सात म्हणून दाखवायला कुणीतरी सोबत लागायचं. दोघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. शेवंताबाईंनाही येत नव्हतं, पण नगराळ्यांनी दोन वर्षं घरात मोठ्याने वाचल्यामुळे त्यांना तो पाठ झाला होता. त्यांनी पदराला हात पुसले, पायांत चपला सरकवल्या, मला चहा घ्या म्हणाल्या आणि त्या दोघींना घेऊन खिडकीवर गेल्या.